मीटरमागे एक रुपया

महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कोणते, हा प्रश्न आम्ही शिक्षकांनी वर्गात किती वेळा विचारला असेल, याची गणती नाही. कळसूबाई, उंची १६४६ मीटर, हे उत्तर मुलांकडून घोटून घेतले. शिखर आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात. संगमनेरहून गाडीने दोन तासांची वाट. तरी आमच्यापैकी एकानेही ते जवळून पाहिले नव्हते. मागच्या डिसेंबरात पाहिले. तो योग आला तो आमच्या आपांमुळे.

आपा आमच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतात. अलिफ-बे गिरवायला शिकवलेल्या मुलींच्या मुली आता त्यांच्यासमोर बसतात. अशा आपांना छातीत गाठ लागली आणि त्या आठ महिने गप्प राहिल्या. आधी मुलीचे लग्न होते, मग रमजान आला, मग वार्षिक परीक्षा. गाठ दुखत नव्हती, म्हणून साधी असेल असे त्यांनी मनाशी धरले. छातीच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे आम्हा बी.एड. झालेल्यांनाही तेव्हा माहीत नव्हते.

पुढचे सगळे मुंबईत झाले. परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि आज तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येतात. आपांची शस्त्रक्रिया व औषधे सरकारच्या जन आरोग्य योजनेत बसली. मग आले रेडिएशन. रुग्ण त्याला ‘लाईट’ म्हणतात. लाईट आठवड्यातून पाच दिवस घ्यावी लागते. कुणाला तीन आठवडे, कुणाला सहा-सात. आपांना पाच आठवडे सांगितले. प्रत्यक्ष लाईट काही मिनिटांची, पण त्या काही मिनिटांसाठी रोज हजर राहावे लागते. संगमनेरहून मुंबई एसटीने सहा-सात तास. म्हणजे मुक्काम तिथेच करायला हवा.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा आपा व भाईसाहेब एका खोलीत पडद्याआड राहत होते. पडद्याच्या पलीकडे दुसरे कुटुंब. दिवसाला दोनशे रुपये भाडे. कोपऱ्यात स्टोव्ह, कुकर आणि औषधांची पिशवी. आपा हसून म्हणाल्या, “सरकारी योजनेत ऑपरेशन बसतं, पण वरण-भात बसत नाही आणि खोलीचं भाडंही बसत नाही.”

मग त्यांनी पलीकडच्या अंथरुणाकडे बोट दाखवले. तिथे बीडकडची एक ऊसतोडणी करणारी बाई होती. नऊ लाईट घेतल्या आणि गावी परत गेली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची होती, कोयता थांबला तर घर थांबणार होते, आणि खोलीचे भाडे रोज वाढत होते. “उरलेल्या लाईट घ्यायला येते म्हणाली,” आपा म्हणाल्या. “आली नाही. तिची चटई अजून इथंच आहे.”

ती चटई आमच्या डोक्यातून गेली नाही.

आपा परत शाळेत रुजू झाल्यावर एके दिवशी मधल्या सुट्टीत हा विषय निघाला. अशा रुग्णांच्या मुक्कामासाठी काही जमवावे, असे ठरले. पण कसे? डबा फिरवून पन्नास-शंभर रुपये गोळा होतात आणि लोक विसरून जातात. आमच्यातील भूगोलाच्या सरांनी कल्पना काढली. आपण कळसूबाई चढू. ज्याला द्यायचे आहे त्याने मीटरमागे एक रुपया द्यावा, म्हणजे १६४६ रुपये. ज्याला झेपणार नाही त्याने पन्नास पैसे, म्हणजे ८२३. मुलांनी खाऊच्या पैशांतून दहा पैसे, म्हणजे १६५. गणित मुलांनीच फळ्यावर करून दाखवले.

मोहल्ल्यात ही गोष्ट पसरली आणि पहिला विरोध झाला तो चाचांचा. चाचा म्हणजे आमच्या शाळेच्या शेजारी राहणारे, एसटीतून निवृत्त झालेले चालक. सगळ्या शाळेचेच ते चाचा. फाटकाशी उभे राहून ते म्हणाले, “सदका द्यायचा तर गुपचूप द्या. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं लहानपणापासून ऐकलं. तुम्ही तर डोंगरावर चढून दवंडी पिटायला निघालात. आणि बाईमाणसाच्या आजाराची दवंडी? ही काय रीत झाली?”

त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. रियाकारीची भीती आम्हालाही होती. चढताना फोटो निघणार, ते सगळीकडे फिरणार, आणि नियत कुठे घसरेल ते सांगता येत नाही. म्हणून आम्ही काही नियम केले. देणाऱ्याचे नाव कुठेही जाहीर करायचे नाही, फक्त वहीत नोंद. गाडीचे भाडे, चहा, नाश्ता ज्याचा त्याने स्वतःच्या खिशातून करायचा, जमलेल्या रकमेतील एक रुपयाही प्रवासाला लावायचा नाही. जकात आणि सदका यांची पाकिटे वेगळी ठेवायची. मौलाना साहेबांनी समजावले होते की जकात हकदाराच्या हाती, त्याच्या मालकीची करून द्यावी लागते. ती सरसकट खोल्यांच्या भाड्यात घालता येणार नाही. सदक्यातून मात्र कोणत्याही जातिधर्माच्या रुग्णाची सोय करता येईल.

शेवटचा नियम आपांनी सुचवला. जो वरपर्यंत पोचणार नाही त्याच्या नावावरचे पैसे कमी करायचे नाहीत. “आजारी माणूस अर्ध्या वाटेवर दमला, तर त्याला आपण अर्धाच मानतो का?” त्यांनी विचारले. कुणाकडेच उत्तर नव्हते.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहाटे साडेचारला आम्ही सोळा जण मिनीबसने निघालो. शिक्षक, शिक्षिका, काहींची मोठी मुले, आपा व भाईसाहेब. आणि शेवटच्या क्षणी मफलर गुंडाळून चाचा आले. “घाटाचा रस्ता आहे, ड्रायव्हर नवा दिसतो,” एवढेच बोलून पुढच्या सीटवर बसले.

अकोले मागे पडले. राजूरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला चादरी अंथरून फजर अदा केली. थंडीने वुजूचे पाणी बोटांना झोंबत होते. उजाडू लागले तसे डोंगर दिसू लागले. भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसते खुंट उभे. रंधा, शेंडी, भंडारदरा अशी गावे मागे टाकत सातच्या सुमारास बारी गावात उतरलो. इथूनच चढाई सुरू होते.

बारी हे महादेव कोळी व ठाकर समाजाच्या मुलखातले गाव. कळसूबाई ही इथल्या लोकांची देवी, शिखरावर तिचे छोटे देऊळ आहे. त्यांचे श्रद्धास्थान म्हणून डब्यात सामिष काही न्यायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. मेथीचे पराठे, बटाट्याची भाजी, खजूर आणि गूळ-शेंगदाणे घेतले होते. गावातल्या एका चहावाल्या मावशींनी वाट सांगितली आणि बाईची कथाही सांगितली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली, सगळे काम करीन, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एक दिवस घरच्यांनी तिला तेच काम लावले. तिने ते केले, आणि डोंगर चढून गेली ती परत खाली आलीच नाही.

आपा लक्ष देऊन ऐकत होत्या. “पोरीनं निदान तोंडानं सांगितलं तरी,” त्या हळूच म्हणाल्या. “आपण बायका सांगतच नाही.”

गावामागे ओढा ओलांडला की खाचरांच्या बांधावरून वाट वर सरकते. ज्यांना शिखर गाठणे जमत नाही त्यांच्यासाठी थोड्या उंचीवर खालीच एक देऊळ बांधलेले आहे. तिथवर आपा आमच्याबरोबर आल्या. त्या सर्वांच्या पुढे चालल्या आणि आम्ही त्यांच्या चालीने मागून. हात अजून पूर्ण वर जात नव्हता, श्वास लागत होता, पण थांबल्या नाहीत. झाडाच्या सावलीत बसून त्या म्हणाल्या, “माझं कळसूबाई इथंच. आता तुम्ही निघा.” भाईसाहेब आमच्याबरोबर यायला निघाले होते, पण चाचा म्हणाले, “तुम्ही जा मियां, मी बसतो आपांजवळ. माझे गुडघे असेही वरचे नाहीत.”

पुढे वाट कठीण होते. झाडी संपते, खडक सुरू होतो. कडा जिथे अंगावर येतो तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. पूर्वी साखळीला धरून चढावे लागे, म्हणून ज्येष्ठ मंडळी सांगतात. शिडीच्या पायरीखालून थेट खोल दरी दिसते. ज्या शिक्षिका वर्गात आवाजाने भिंती हलवतात त्या शिडीच्या मध्यावर डोळे मिटून दरूद पढत उभ्या राहिल्या. मागून एक दहावीतली मुलगी म्हणाली, “मॅडम, खाली नका बघू, फक्त पुढची पायरी बघा.” वर्गात हेच वाक्य त्या तिला गणिताच्या तासाला म्हणत असत.

दुसऱ्या शिडीपाशी दोघे थांबले. एकाचे गुडघे बोलू लागले, एकीला चक्कर आली. त्यांना वाईट वाटत होते. आम्ही त्यांना आपांच्या नियमाची आठवण दिली आणि खजूर हाती देऊन पुढे निघालो. बाकीच्यांचीही दमछाक झाली होती. पायथ्यापासून आठशे मीटरहून अधिक चढण आहे. आणखी किती, असे उतरणाऱ्याला विचारले की तो प्रत्येक वेळी “आलंच, दहा मिनिटं” म्हणे. ती दहा मिनिटे तासभर पुरली. शेवटच्या टप्प्याआधी एक विहीर लागते. एवढ्या उंचीवर पाणी पाहून मुले तिच्या काठाशी वाकून वाकून बघत राहिली.

पावणेबारा वाजता आम्ही बारा जण शिखरावर होतो.

वर जागा थोडीच आहे. देवीचे देऊळ, त्याभोवती वारा आणि चारी दिशा. पश्चिमेकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे. एका बाजूला रतनगड, दूर हरिश्चंद्रगडाचा डोंगर. आणि खाली भंडारदऱ्याचा जलाशय, उन्हात पत्र्यासारखा चमकणारा. भूगोलाच्या सरांनी मुलांना दाखवले. प्रवरा रतनगडाच्या बाजूने उगम पावते, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणात थांबते, मग अकोल्यावरून आपल्या संगमनेरला येते आणि पुढे गोदावरीला मिळते. आम्ही रोज जे पाणी पितो ते इथून दिसत होते. घरी नळ सोडताना हे कधी मनात आले नव्हते.

भाईसाहेब एका बाजूला कठड्याला धरून उभे होते. कोणी त्यांच्याशी बोलायला गेले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, “पाच आठवडे मी त्या खोलीत बसून विचार करायचो, हिच्याशिवाय घर कसं चालेल. एकदा तरी मोकळ्या हवेत उभं राहावं असं वाटायचं.” एवढेच.

उतरताना विहिरीच्या पाण्याने वुजू करून, वाटेपासून बाजूला सपाट खडक पाहून जोहर अदा केली. दुआ मागताना प्रत्येकाने मनात कुणाकुणाची नावे घेतली असतील. बीडकडच्या त्या बाईचे नाव आम्हाला ठाऊक नव्हते. चटईवाली म्हणूनच तिच्यासाठी दुआ केली.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड गेले. खाली पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आपा आणि चाचा बारीतल्या चहाच्या टपरीवर बसले होते. चाचांचे डोळे लाल दिसत होते. थंडीचा त्रास झाला असेल, असे आम्हाला वाटले. चहा झाल्यावर त्यांनीच विषय काढला.

“तुमची चाची गेली, त्याला चौदा वर्षं झाली,” ते म्हणाले. “सगळ्यांना मी सांगितलं, पोटाचा आजार होता. पोटाचा नव्हता. आपांना जे झालं तेच होतं. तिनं मला सांगितलं तेव्हा गाठ फुटली होती. मी म्हटलं, लोकांना कळलं तर पोरींची लग्नं होणार नाहीत. म्हणून दूरच्या दवाखान्यात नेलं नाही, इथंच लेप लावत बसलो. मय्यतीच्या दिवशीही मी पोटच म्हणालो. आज पहिल्यांदा तोंडातून खरं निघालं, ते या आपांसमोर.”

टपरीवर कोणी बोलले नाही. आपांनी विचारले, “मुलींना माहीत आहे?”

“नाही.”

“मग आज घरी गेल्यावर सांगा. आईला झालेलं असेल तर मुलींनी जास्त जपायला हवं. त्यांनी तपासून घ्यायला हवं. डॉक्टरनं मला माझ्या मुलीबद्दल हेच सांगितलं.”

चाचांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर ते एकदाही ड्रायव्हरला काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ते वर्गात आले आणि पाकीट टेबलावर ठेवले. आत पाच हजार रुपये होते. आमच्यातील एकाने वही उघडली, तर म्हणाले, “नाव लिहू नका. पण कशासाठी ते लिहा.” मग स्वतःच शब्द सांगितले, आणि आम्ही लिहून घेतले: ‘मरहूमा बीवीच्या ईसाले सवाबसाठी. छातीच्या कॅन्सरने गेल्या.’

त्या वहीत देणाऱ्यांच्या नावांचे पान आम्ही कोणाला दाखवत नाही. ही एक ओळ मात्र चाचांच्या परवानगीने इथे लिहीत आहोत. आम्हाला फाटकाशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. सदका झाकावा, देणारा झाकावा. आजार मात्र झाकू नये. चाची जिवंत असताना हे त्यांना कोणी सांगायला हवे होते, आणि सांगणाऱ्यांत आम्हीही नव्हतो.

हिशेब द्यायला हवा. एक रुपयावाले ३९ जण, त्यांचे ६४,१९४ रुपये. पन्नास पैशांवाले २२, त्यांचे १८,१०६. दहा पैशांवाली मुले ५८, त्यांचे ९,५७०. चाचांचे पाच हजार धरून एकूण ९६,८७० रुपये सदक्याचे. जकातीचे पाकीट वेगळे, त्यातील रक्कम हकदार रुग्णांच्या हाती देऊन आलो. दोनशे रुपये रोज या दराने पाच आठवड्यांचे भाडे सात हजार होते. म्हणजे तेरा रुग्णांना लाईट अर्ध्यावर सोडून परतावे लागणार नाही, आणि उरलेल्यांत थोडे वरण-भाताचे भागेल. मुंबईच्या गरजेपुढे ही रक्कम काहीच नाही, हे आम्ही जाणतो. पण तेरा चटया रिकाम्या राहणार नाहीत.

दुसरा हिशेब रुपयांचा नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी फक्त हाताने तपासणी केली, मोठे यंत्र काही नाही. तेवढ्याने आजार लवकर पकडला जाऊ लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हे वाचल्यावर आम्ही जानेवारीत शाळेत मातांची सभा घेतली आणि एका डॉक्टर बाईंना बोलावले. पुरुषांना फाटकाबाहेर ठेवले. फाटकावर चाचा खुर्ची टाकून बसले होते. दोघी मातांना पुढच्या तपासणीला पाठवले. अल्हम्दुलिल्लाह, दोघींच्या गाठी साध्या निघाल्या. त्या दिवशी रांगेत चाचांच्या दोन्ही मुलीही होत्या.

वाचणाऱ्या बहिणींना एवढेच सांगणे. गाठ हाताला लागली, दुखत नसली तरी, लग्न, रमजान, परीक्षा यांच्या आधी डॉक्टरकडे जा. भावांना सांगणे, तिने सांगायची वाट पाहू नका, तुम्हीच विचारा. उपचार सरकारी योजनेत बसतो का ते आधी चौकशी करा, रेल्वेतही कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी सवलत मिळते.

पुढच्या डिसेंबरात, इन्शाअल्लाह, पुन्हा बारीला जायचे आहे. आपा म्हणतात, यंदा पहिल्या शिडीपर्यंत येईन. मीटर कोण मोजणार, असे मुलांनी विचारले, तर त्या म्हणाल्या, “मोजू नका. तुम्ही फक्त माझ्या मागं चला.”